तीन फुटांच्या टाकीत कोण नांदेल?

ताई, गेली सहा वर्षं मी गोड्या पाण्यातले मासे सांभाळतोय. आता खाऱ्या पाण्याची पहिली टाकी लावली आहे: 90 सेंटिमीटर लांब, 40 रुंद, 45 उंच. लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड), वाळू, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), सगळं बसवून सात आठवडे झाले. अमोनिया आणि नायट्राइट, घाणीतून होणारी ही दोन्ही विषं शून्यावर आहेत. आमची नऊ वर्षांची लेक ब्लू टँगसाठी हट्ट धरून बसली आहे. दुकानदार म्हणतो, "आत्ता आगपेटीएवढा तर आहे. मासा टाकी बघूनच वाढतो. आणि झालाच मोठा, तर परत आणून द्या." माझी यादी अशी आहे: एक ब्लू टँग, एक यलो टँग, दोन क्लाउनफिश, पाच हिरव्या क्रोमिसचा थवा, एक मँडरिन आणि एक ड्वार्फ लायनफिश. लिटरमागे किती सेंटिमीटर मासा धरायचा? यातले किती बसतील, आणि कुठल्या क्रमाने सोडू?
— एक वाचक

नमस्कार,

तुमच्या यादीत अकरा मासे आहेत. त्यातले दोन क्लाउनफिश ठेवा आणि बाकीच्या नऊ जणांवर काट मारा. पहिली काट ब्लू टँगवर. एवढं स्पष्ट लिहितेय, कारण तुम्ही अजून एकही मासा आणलेला नाही. माझ्याकडे येणारी बरीचशी पत्रं मासा तळाशी आडवा पडल्यावर येतात. तुमचं त्याआधी आलं, याचं मला मनापासून बरं वाटलं.

आधी टाकी नीट मोजून घेऊ. 90 गुणिले 40 गुणिले 45, भागिले 1000, म्हणजे 162 लिटर. पण हे झालं काचेचं माप. पाणी काठापासून दोन-तीन बोटं खाली असतं, दगड आणि वाळूही जागा खातात. तुमच्याकडे खरं पाणी सव्वाशे लिटरच्या आसपास असणार. औषध मोजायचं असो, मीठ कालवायचं असो की मासा ठरवायचा असो, यापुढे 162 विसरून हाच आकडा धरा.

आता लिटरमागे किती सेंटिमीटर, हे गणित. ते सोडून द्या असं मी सांगेन. दहा सेंटिमीटरचा मासा वाढून वीसचा झाला की लांबी दुप्पट होते, वजन मात्र आठपटीच्या घरात जातं, कारण तो नुसता लांब होत नाही, उंचीला आणि जाडीलाही भरतो. त्याचं खाणं, त्याची घाण, त्याला लागणारा ऑक्सिजन हे सगळं त्या भरलेल्या अंगाच्या मानाने वाढतं. म्हणजे दहा-दहा सेंटिमीटरचे दोन गोबी आणि वीस सेंटिमीटरचा एक टँग हे पट्टीवर सारखे दिसले तरी पाण्याच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

गोड्या पाण्याचा तुमचा सहा वर्षांचा हात इथे उपयोगी पडेल, पण संख्येच्या बाबतीत तोच दगा देईल. त्याच तापमानाला खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश कमी मावतो. खाऱ्या टाकीचा पीएच 8.1 ते 8.4 ठेवावा लागतो, आणि पीएच जितका वर तितका अमोनिया जास्त विषारी. शिवाय प्रवाळावरचे मासे बहुतेक हद्दीवर जगणारे. गोड्या पाण्यातल्या टेट्रांसारखे ते दाटीवाटीने राहत नाहीत. एखादी कपार आपली म्हणाले की ती आपली.

पण पाण्याच्या मापापेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो माशाचा दिवस. पूर्ण वाढल्यावर हा मासा समुद्रात सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करतो, किती फिरतो, कुठे टेकतो, हे आधी विचारायचं. क्लाउनफिश आपल्या समुद्रफुलाला (सी ॲनिमोनला) सोडून फार लांब जात नाही. बहुतेक आयुष्य त्या काही हातांच्या परिसरात काढतो, म्हणून लहान टाकीत तो कोंडल्यासारखा वागत नाही. वाळूत बीळ करून राहणारा गोबी त्या बिळाच्या तोंडाशी दिवस घालवतो. टँगचं तसं नाही. तो प्रवाळाच्या भिंतीवरून शेवाळ खुडत दिवसभर फिरणारा मासा आहे. त्याचं शरीरच त्यासाठी घडलंय: चपटं, लांबट, शेपटीत जोर असलेलं.

ब्लू टँग पूर्ण वाढला की 30 सेंटिमीटरपर्यंत जातो. तुमची टाकी 40 सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे दगड मध्ये नसले तरी त्याला वळायलाही पुरती मोकळीक नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. पुष्कळ वर्षांपूर्वी मी स्वतः चार फुटांच्या टाकीत ब्लू टँग ठेवला होता. आणला तेव्हा आगपेटीएवढाच होता, आणि मलाही हेच सांगितलं गेलं होतं की टाकी बघून वाढेल. दोन-अडीच वर्षांत तो वीतभर झाला. खाणं उत्तम, रंग गडद, पाण्याच्या सगळ्या चाचण्या जागेवर. पण त्याचं पोहणं बदललं. उजव्या काचेपाशी जायचा, नाक काचेला लागायच्या आत वळायचा, शेपटीचे तीन-चार फटकारे, की डावी काच. तिथेही तसंच वळण, त्याच उंचीवर, त्याच बाजूने. मी एकदा अर्धा तास समोर बसून राहिले. अर्धा तास तो तेच करत होता. पुढे डोळ्यांमागे आणि अंगावरच्या मधल्या रेषेवर बारीक खळगे पडायला लागले. अपुऱ्या जागेत आणि ताणाखाली राहिलेल्या टँगमध्ये हे बऱ्याचदा दिसतं. त्या दिवसांची मला अजून खंत आहे, कारण मासा आजारी पडेपर्यंत मी त्याला "छान वाढलाय" म्हणत होते.

मासा टाकीच्या मानाने वाढतो, ही समजूत या छंदातली सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. साचलेल्या घाणीने आणि ताणाने वाढ खुंटते हे खरं, पण खुंटणं म्हणजे बेताने वाढणं नव्हे. तो आजार आहे, आणि आयुष्य त्याने कमी होतं.

"परत आणून द्या" हेही ऐकायला सोपं वाटतं. पण लाइव्ह रॉक रचलेल्या टाकीतून टँग पकडून बघा. तो कपारीत शिरतो आणि तिथेच अंग अडकवून बसतो. मला सगळे दगड एकेक करून बादल्यांत काढावे लागले, अर्धं पाणी उपसावं लागलं. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना त्याला सुरीच्या पात्यासारखा काटा असतो, तो जाळीत गुंतला आणि जाळी कापून त्याला सोडवावं लागलं. नंतर शिकले की टँग जाळीने धरायचाच नाही, प्लास्टिकच्या डब्यात पाण्यासकट घ्यायचा. सुदैवाने सात फुटांची टाकी असलेल्या एका ओळखीच्या घरी त्याची सोय लागली. सगळ्यांना असं घर सापडत नाही.

तुमच्या लेकीचं काय? नऊ वर्षांच्या मुलीला नुसतं "नाही" म्हटलं तर तिला वाटेल बाबांना नकोय. तिच्याबरोबर एक काम करा. पुठ्ठ्यावर 30 सेंटिमीटर लांबीचा ब्लू टँग काढा, तिलाच रंगवू द्या, कापून घ्या. मग तो टाकीच्या समोर धरून तिला सांगा की याला या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहायला लाव. तीन फुटांत तीस सेंटिमीटरचा मासा किती वेळा वळतो, हे तिचा हात तिला सांगेल. माझ्या भाचीने हा प्रयोग केला तेव्हा तिसऱ्या फेरीला तिनेच तो पुठ्ठा खाली ठेवला.

आणि तिला त्याच रंगाचा मासा मिळू शकतो. यलोटेल डॅमसेल नावाचा एक लहान मासा आहे. अंग झळझळीत निळं, शेपटी पिवळीधमक, पूर्ण वाढला तरी सात सेंटिमीटरच्या आसपास. डॅमसेल जात एकंदरीत भांडकुदळ, पण हा त्यातला बराच सोसवणारा. फक्त एकच आणायचा, आणि सगळ्यांत शेवटी सोडायचा. दुकानात "ब्लू डॅमसेल" या एकाच नावाखाली तीन-चार वेगवेगळे मासे विकले जातात, आणि त्यातले काही मोठे झाल्यावर टाकीत दुसऱ्या कुणाला जगू देत नाहीत. म्हणून शास्त्रीय नाव विचारा: क्रायसिप्टेरा पॅरासेमा. तीन पट्टे किंवा तीन ठिपके असलेले काळे-पांढरे डॅमसेल कितीही गोजिरे दिसले तरी घेऊ नका.

बाकीच्यांवर काट का, ते थोडक्यात सांगते. यलो टँग 20 सेंटिमीटरपर्यंत जातो आणि त्याचाही दिवस चरण्यात, फिरण्यात जातो. त्याला चार फूट कमीत कमी, त्याहून लांब असेल तर उत्तम. हिरव्या क्रोमिसचा थवा चित्रात सुंदर दिसतो, पण लहान टाकीत मोठा क्रोमिस धाकट्याला हाकत राहतो, धाकटा मरतो, मग त्याच्या वरच्याची पाळी येते. पाच आणून वर्षभरात एक उरल्याचा अनुभव फार जणांनी घेतलाय. ड्वार्फ लायनफिश मावायला मावेल, पण त्याच्या तोंडात जाईल ते सगळं त्याचं अन्न, आणि त्याचं तोंड दिसतं त्याहून खूप मोठं उघडतं. गोबी, फायरफिश, कोळंबी यांच्याबरोबर तो नांदणार नाही. वर त्याच्या पाठीवरचे काटे विषारी. लहान मुलगी जिथे टाकीत हात घालणार आहे तिथे मी तो सुचवणार नाही.

मँडरिनबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण तिथे आकार माणसाला फसवतो. मासा जेमतेम सात सेंटिमीटरचा, स्वभावाने गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग सव्वाशे लिटरमध्ये का नको? कारण तो दिवसभर दगडांवरून टिपटिप करत कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव वेचून खातो. समुद्रातून पकडलेले बहुतेक मँडरिन दुसरं अन्न तोंडात धरत नाहीत. तुमचे दगड नवे आहेत, त्यांवर हे जीव अजून पुरेसे झालेले नाहीत, आणि जे आहेत ते तो काही आठवड्यांत संपवेल. मग तो हळूहळू वाळत जातो. वरून बघितलं तर पोट खपाटीला गेलेलं आणि पाठीची धार वर आलेली दिसते, तोवर उशीर झालेला असतो. इतका देखणा मासा उपाशी मरताना बघणं फार कठीण असतं. दगड वर्षभर मुरलेले आणि टाकी तुमच्या दुप्पट असेल तेव्हा त्याचा विचार करा.

आता कोण आणायचं ते. तुमच्या सव्वाशे लिटरमध्ये मी पाच मासे धरते, आणि पाचांवर थांबते.

पहिला वॉचमन गोबी, शक्यतो पिवळा, आणि त्याच्याबरोबर एक पिस्टल श्रिंप. या दोघांचा संसार बघण्यासारखा असतो. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही, पण खोदकामात ती पटाईत. ती दिवसभर बुलडोझरसारखी वाळू ढकलत बिळाबाहेर आणते, आणि बाहेर आली की एक मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवते. गोबी दारात बसून पहारा करतो. कुणी जवळ आलं की शेपटी थरथरवतो, आणि त्याच क्षणी कोळंबी आत. तुमची लेक या जोडीसमोर तासन् तास बसेल, हे मी खात्रीने सांगते. एक मात्र करा: दगड वाळूवर टेकवलेले असतील तर आत्ताच, मासे यायच्या आधी, वाळू बाजूला सारून ते तळाच्या काचेवर पक्के बसवा. कोळंबीने खालून वाळू उकरली तर वरचा दगड ढासळतो आणि काच फुटू शकते.

दुसरा फायरफिश. सात-आठ सेंटिमीटरचा, पुढून पांढरट, मागे लालभडक होत जाणारा. तो प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात एकाच जागी तरंगतो आणि वाहत आलेला कण टिपतो. भित्रा आहे, म्हणून त्याला आधी सोडायचं, धीट मासे नंतर.

तिसरे आणि चौथे तुमचे क्लाउनफिश. इथेही नाव नेमकं विचारा. तुम्हाला ऑसेलॅरिस हवेत, आठ-नऊ सेंटिमीटरचे. मरून क्लाउनफिश त्यापेक्षा बराच मोठा होतो आणि लहान टाकीवर एकट्याचं राज्य करतो. सगळे क्लाउनफिश जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा आणि दांडगा पुढे मादी होतो, आणि एकदा मादी झाला की परत नर होत नाही. म्हणून दोन लहान पिल्लं घ्या, त्यातलं एक दुसऱ्यापेक्षा उघड दिसेल इतकं मोठं असू द्या. त्यांची जोडी लवकर जमते. समुद्रफूल आणायची घाई नको. त्याला जोरदार प्रकाश आणि मुरलेली टाकी लागते, आणि त्यावाचून क्लाउनफिशचं काही अडत नाही. पैदास केंद्रात जन्मलेले मिळाले तर तेच घ्या. ते बंदिस्त पाण्याला आणि तयार अन्नाला सरावलेले असतात. ब्लू टँगची अशी पैदास पहिल्यांदा जमली ती 2016 साली, फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, आणि दुकानात दिसणारे ब्लू टँग अजूनही बहुतांशी समुद्रातूनच पकडलेले असतात.

पाचवा लेकीचा यलोटेल डॅमसेल. तिचं मन बदललंच, तर त्याच्या जागी रॉयल ग्रामा आणा. अर्धं अंग जांभळं, अर्धं पिवळं, आठ सेंटिमीटर, आणि कपारीच्या छताखाली उलटा पोहणारा. दोन्ही एकत्र नकोत. दोघांनाही त्याच कपारी लागतात.

यात कोण कुठे राहील ते बघा: गोबी वाळूवर, डॅमसेल किंवा ग्रामा दगडांत, फायरफिश मधल्या मोकळ्या पाण्यात, क्लाउनफिशची जोडी एका कोपऱ्यात वरच्या अंगाला. एकमेकांच्या वाटेत येण्याचे प्रसंग कमी. शेवाळासाठी आठ-दहा गोगलगायी आणि हवी तर एक क्लीनर श्रिंप, त्याहून जास्त काही नको.

सोडण्याआधी एक शंका. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आहेत हे चांगलं, पण अमोनिया आणि नायट्राइट पचवून त्यांचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना या सात आठवड्यांत खायला काही मिळालं का? चिमूटभर अन्न टाकून ते सडू द्या, किंवा बाटलीतला अमोनिया मापाने घाला आणि दुसऱ्या दिवशी परत तपासा. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट वर गेलं, तर टाकी तयार. नाहीतर आणखी काही आठवडे वाट पाहा.

मग गोबी आणि फायरफिश आधी. तीन-चार आठवड्यांनी क्लाउनफिश. त्यानंतर तेवढंच थांबून डॅमसेल. प्रत्येक खेप मोठ्या टाकीत जाण्याआधी महिनाभर वेगळ्या लहान टाकीत ठेवा: साधी काच, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पाइपाचे दोन तुकडे. खाऱ्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मुख्य टाकीत शिरला की त्यावरचं तांब्याचं औषध तिथे देता येत नाही. त्याने कोळंबी आणि गोगलगायी मरतात. एका खेपेचा महिना संपून ती मोठ्या टाकीत गेली की लगेच पुढची खेप या लहान टाकीत आणता येईल. तरीही सगळं मिळून चार महिने लागतील. लागू द्या.

या चार महिन्यांत लेकीला एक काम सोपवा. टाकीच्या बाजूला पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टीची खूण करा. रोज पाणी उडतं, मीठ मागे राहतं. सव्वाशे लिटरमधून तीन लिटर उडाले तरी खारटपणा हजारी 35 चा जवळजवळ 36 होतो. रोज खुणेपर्यंत पाणी भरायचं, आणि ते बिनमिठाचं, शुद्ध केलेलं. मीठ घातलेलं पाणी फक्त पाणी बदलताना. आठवड्यातून एकदा रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायच्या उपकरणाने) बघून आकडा वहीत लिहायचा. मुलं हे काम मोठ्यांपेक्षा नेमाने करतात.

कधी पुढे 180 गुणिले 60 गुणिले 60 ची टाकी लावलीत, साडेसहाशे लिटरच्या घरातली, तर ब्लू टँगबद्दल मला पुन्हा लिहा. तेव्हा माझं उत्तर वेगळं असेल. पण "पुढे मोठी टाकी घेणारच आहोत" म्हणून आज तो मासा आणू नका. मासा आजच्या टाकीत राहतो.

आणि झाकण. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. फायरफिश घाबरला की सरळ वर उसळी घेतो, आणि नव्या घरातल्या पहिल्याच रात्री तो घाबरलेला असतो. काचेचं झाकण नको, त्याने हवा कोंडते. बारीक छिद्रांची जाळी चौकटीत ताणून बसवा, वायर आणि नळ्या जिथून आत जातात तिथली फटही बुजवा. हे पहिला मासा घरात येण्याच्या आदल्या दिवशी झालेलं असू द्या.